दोन घोट कॉस्टिकचे

एक्स-रे विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून एक जण आला, माझ्या हातात पांढऱ्या दाट पाण्याचा ग्लास दिला, "धरा, नाव पुकारतो," म्हणाला आणि दाराआड गेला. मी ग्लासाकडे पाहिलं. ताकाहून दाट, खडूसारखा वास. दवाखान्यात कोणी हातात ग्लास दिला तर त्यात औषधच असणार, आणि औषध घ्यायला उशीर कशाला, असं म्हणून मी प्यायला लागलो.

तेव्हा मला साधं पाणीही चमच्याचमच्याने गिळावं लागत होतं. एक चमचा आत जायचा, छातीत अडायचा, जरा थांबून मग खाली उतरायचा. तो ग्लास संपवायला मला पाऊण तास लागला. बायको तिकडे चिठ्ठीच्या रांगेत होती. ती येईपर्यंत संपवून दाखवू, या जिद्दीने बसलो आणि संपवला. दीड महिन्यात पहिल्यांदा एक अख्खं भांडं रिकामं केलं होतं. नाव पुकारलं तेव्हा मी जरा छाती काढूनच आत गेलो.

"काका, ग्लास कुठे आहे?"

"झाला," मी म्हणालो.

"झाला म्हणजे?"

"पिऊन झाला."

तो माणूस आधी माझ्याकडे, मग मशीनकडे बघत राहिला. त्या तपासणीला बेरियम स्वॉलो म्हणतात. बेरियमचं पांढरं पाणी एक्स-रेत उमटतं. ते मशीनसमोर उभं राहून प्यायचं असतं आणि घशातून खाली उतरताना त्याचे फोटो काढायचे असतात. पोटात जाऊन बसलेल्या पाण्यावरून अन्ननलिकेचं काही कळत नाही. तेवढ्यात सुमन, म्हणजे माझी बायको, आली. काय झालं ते ऐकून ती त्या माणसाला म्हणाली, "ह्यायचं असंच हाय जी. हातात भांडं आलं का पेऊन टाकतेत. आत काय हाय, विचारत नाई."

तो हसला. मला हसू आलं नाही. मी नागपूरच्या त्या दवाखान्यात ज्या कारणाने पोचलो होतो ते नेमकं हेच होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास मिळाला, या वेळी मशीनसमोर. दुपारी सर्जन मॅडमनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. घशातून पांढरी धार खाली आलेली दिसत होती. गळ्याखाली ती एकदम सुतासारखी बारीक झाली होती, मध्ये जरा फुगली होती आणि खाली पुन्हा बारीक, ती थेट पोटापर्यंत.

"इसोफेजियल स्ट्रिक्चर," मॅडम म्हणाल्या. "इसोफेगस म्हणजे अन्ननलिका. ती आतून भाजली होती. भाजलेला हात बरा होताना कातडी आखडते ना, तसं आत झालंय. नळी दोन ठिकाणी आवळली आहे. खालचा भाग फार लांब आवळलाय."

"औषधानं मोकळी होईल का?" मी विचारलं.

"औषधाने नाही होणार, काका."

मॅडमनी एवढं सरळ सांगितलं ते बरं केलं. मीही सरळच सांगतो. त्या वॉर्डात मी जे महिने काढले त्यात माझ्यासारखे आणखी लोक पाहिले. कोणी बॅटरीचं पाणी प्यालेलं, कोणी संडास धुवायचं ॲसिड. काही जणांनी मरायलाच घेतलं होतं. काही माझ्यासारखे नुसते तहानलेले होते. यातलं कोणी हे वाचत असेल, किंवा कोणाच्या घरचं माणूस आज चमच्याने पाणी गिळत असेल, तर पुढे काय काय होतं हे त्याला आधी माहीत असावं, एवढ्यासाठी हे लिहितो. मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. तेही सांगतोच.

आमचं गाव कुरखेडा तालुक्यात. धानाची शेती. पण घरात रोकडा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा. ऐनाच्या झाडावर वाढलेले कोसे घ्यायचे, शिजवायचे, मऊ झाले की धागा काढायचा. हे काम सुमनच्या गटातल्या बाया करतात. कोसा नुसत्या पाण्यात मऊ होत नाही, पाण्यात धुण्याचा सोडा घालावा लागतो. त्या दिवशी सोडा संपला होता. मी बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, साधा सोडा नाही, कॉस्टिक आहे, काम तेच, लागतो कमी. मला तो सौदा फार शहाणपणाचा वाटला.

घरी कोणी नव्हतं. सुमन दुसऱ्या बाईकडे कोसे आणायला गेली होती. ती येईपर्यंत आपण पाणी कालवून ठेवावं म्हणून मी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, कॉस्टिकचे खडे टाकले. गंज फसफसला, तापला आणि आतून काळा पडला. भांड्याला जे कळलं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, जर्मनला चालत नसेल. म्हणून ते पाणी स्टीलच्या गडव्यात, पाणी प्यायच्या लोट्यात, ओतलं, गडवा पडवीत ठेवला आणि वावराचं कुंपण बांधायला गेलो.

आमच्याकडे गडव्याला ओठ लावून पीत नाहीत, तोंड लागलं की भांडं उष्टं. मान मागे टाकायची, गडवा वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. थेंब न सांडता, मध्ये श्वास न घेता जो पितो त्याला कसब आहे म्हणतात. मला ते कसब होतं. लग्नाच्या पंगतीत मी पैजेवर पाणी पीत असे. दुपारी वावरातून आलो, पडवीत गडवा भरलेला दिसला, मान मागे टाकली.

ओठ लावून प्यालो असतो तर जिभेला कळलं असतं आणि थुंकलो असतो. धार जिभेवर थांबलीच नाही. तिसरा घोट घेताना समजलं. तोवर दोन आत गेले होते.

तोंडापासून पोटापर्यंत कोणीतरी तापलेली सळई उतरवावी तसं झालं. मी ओरडलो असेन. शेजारचे रामाजीभाऊ धावत आले. मोठे आहेत, सापापासून तापापर्यंत सगळ्यावर त्यांचं काही ना काही असतं. त्यांनी मिठाचं कोमट पाणी करून माझ्यापुढे धरलं. "ओकून टाक, लेका, मोकळा होशीन." मी प्यालो, बोटं घातली, ओकलो. त्यात रक्त आलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, उलटी करवली का? हो म्हटल्यावर त्यांनी टॉर्च लावून माझा घसा पाहिला. मग म्हणाले, "जाताना जे भाजलं ते येताना पुन्हा भाजलं." रामाजीभाऊंवर माझा राग नाही. त्यांनी जीव वाचवायलाच केलं, आणि बोटं घालणारा मी होतो. पण कोणी ॲसिड किंवा सोडा प्याला तर उलटी करवू नका. त्याला बसवून ठेवा आणि दवाखान्यात न्या. ज्या डब्यातलं प्याला तो डबाही सोबत न्या.

तिथून मला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. अशी केस आली की पोलिसाला बोलवावंच लागतं, तसा एक जमादार आला. माझा आवाज गेलेला, ओठ वांग्यासारखे सुजलेले. त्याने विचारलं, घरी काही वाद? मी नाही म्हणून मान हलवली. काऊन प्याला मग? त्याने कागद दिला. मी लिहिलं, "तहान लागली होती." त्याने दोनदा वाचलं आणि सुमनकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. त्या वेळी मला वाटलं, मी छान गंमत केली. तिच्याकडे कोण कसं बघतंय हे माझ्या लक्षात आलं नाही. गावात तोवर दोन गोष्टी पसरल्या होत्या. एक, आमचं भांडण झालं आणि मी प्यालो. दुसरी, सोड्याचं पाणी पाण्याच्या जागी तिनेच ठेवलं. मीच आणला, मीच कालवला, मीच प्यालो, हे सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता, आणि आवाज आल्यावर मी ते घरोघर जाऊन सांगितलं नाही.

बारा दिवसांनी सुट्टी झाली. घसा बरा वाटत होता, मऊ भात जात होता. कागदावर लिहून दिलं होतं की तीन आठवड्यांनी एन्डोस्कोपीला या. एन्डोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची नळी तोंडातून आत घालून तपासणं. तेव्हा मोहफुलं पडायला लागली होती. मोह वेचणं सोडून धडधाकट माणूस दुर्बीण कशाला घालून घेईल? मी गेलो नाही. सुमनने तीनदा आठवण केली. चौथ्यांदा मी म्हणालो, "तुलेच हौस असन त तूच घालून घे." हे वाक्य मला अजून आठवतं, तिलाही आठवत असणार.

भाजलेलं आत आखडतं ते याच काळात, बरं वाटत असताना. हे मला नंतर कळलं.

पहिलं भजं अडकलं एका लग्नात. मी भज्याला नावं ठेवली, कच्चं राहिलं म्हणून. मग घरचा भात अडकायला लागला, तेव्हा तांदळाला नावं ठेवली. मग पेज. एक दिवस स्वतःची थुंकीही अडायला लागली आणि नावं ठेवायला कोणी उरलं नाही. तेव्हा नागपूर गाठलं, आणि त्या बेरियमच्या ग्लासापाशी आलो.

आधी मॅडमनी डायलटेशन करून पाहिलं. दुर्बिणीतून बारीक तार आवळलेल्या जागेतून खाली सरकवायची आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड कांड्या घालून नळी हळूहळू ताणायची. ताणल्यावर आठ-दहा दिवस भात जायचा. घरी येऊन मी दोन वेळा जेवायचो, लोकांना सांगायचो की झालं, सुटलो. मग नळी पुन्हा आवळायची आणि आम्ही पुन्हा एसटीत. असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी ताणल्यावर घास चारच दिवस गेला. मी बासष्ट किलोचा, एकेचाळीसवर आलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "आता आणखी ताणलं तर नळी फाटेल. फाटली तर जिवावर बेतेल. आधी तुमच्या पोटात अन्न गेलं पाहिजे."

त्यांनी जेजुनोस्टॉमी केली. लहान आतड्याला एक रबरी नळी जोडून ती पोटावरून बाहेर काढतात. तोंडाने काही घ्यायचं नाही. दूध, गाळलेली पेज, अंड्याचं पातळ, सगळं मोठ्या सिरिंजने नळीतून सोडायचं. हे कसं करायचं ते सिस्टरने सुमनला दोन दिवस शिकवलं. मलाही शिकवलं, पण मी सिरिंज सुमनच्याच हातात द्यायचो.

मग मॅडमनी पुढचं सांगितलं. जळलेल्या अन्ननलिकेच्या कामासाठी मोठ्या आतड्याचा एक तुकडा घ्यायचा. त्याला कोलन इंटरपोझिशन म्हणतात. तो तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट वर ओढून छातीच्या मधल्या हाडामागून मानेपर्यंत न्यायचा, वर घशाला आणि खाली जठराला जोडायचा. म्हणजे घास जुन्या वाटेने जातच नाही, नव्या वाटेने जातो.

"मोठं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक जण नीट जेवायला लागतात. काही जणांना जोड गळतो, काहींचा तुकडा टिकत नाही. काही जण वाचत नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. वजन वाढवा आणि विचार करून या."

मी विचार केला आणि गेलो नाही. मी एवढंच सांगत राहिलो की नळीवर माझं छान चाललंय. चावायचा त्रास नाही, दातही झिजत नाहीत. पाहुण्यांसमोर नळीची गंमत करून दाखवायचो. खरं कारण असं की मला ऑपरेशनच्या टेबलाची भीती वाटत होती. आतडं पोटातून छातीत, हे ऐकल्यावर त्याच्यावर कोण हौसेने झोपेल? सुमनने जा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. "तुमचं पोट हाय, तुमी ठरवा," एवढंच.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला. मजूर, बांधी म्हणजे धानाची खाचरं, चिखल, सगळं तिने एकटीने निभावलं, दर तीन तासांनी घरी येऊन मला नळीतून पाजून. मी पडवीत बसून असे. माझी फुशारकी ही की, बघा, मला आता खाण्याची वासनाच राहिली नाही. घरात कशाचा वास येत नसे म्हणून वासना येत नसे, हे काही डोक्यात आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी आलं. गल्लीत प्रत्येक घरातून तळणीचा आणि पुरणाचा वास येत होता. आमच्या घरातून काहीच नाही. मी स्वयंपाकघरात डोकावलो. चूल थंड. कढई भिंतीला उलटी टेकलेली, तिच्यावर धूळ. फोडणीचा डबा उघडला, मोहरीला जाळं धरलं होतं. किती महिने या घरात फोडणी पडली नाही याचा विचार करत मी मागच्या दाराने गोठ्याकडे गेलो, सजवलेले बैल पाहावेत म्हणून.

बैलांच्या पलीकडे, कडब्याच्या आडोशाला सुमन उकिडवी बसली होती. माझ्याकडे पाठ. समोर पोत्यावर ताट. पाण्यात घातलेला शिळा भात आणि एक हिरवी मिरची. ती भराभर खात होती, चोरून खाणाऱ्यासारखी. चाहूल लागताच तिने ताटावर पदर टाकला.

"इथी काऊन बसली?"

"बैलायले पायत होती."

"ताट घेऊन?"

बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. मी तिथेच दगडावर बसलो.

"घरात काऊन नाई जेवत?"

"तुमच्यासमोर कशी जेवू?" ती म्हणाली. "तुमी घासाकडे पायता जी."

"मी कुठी पायतो?"

"तुमाले समजत नाई. तुमी तिकडे तोंड करून बसता, पण तुमचा गळा हालते. म्या घास घेतला का तुमचा गळा हालते."

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या मागून जेवते. माझी आई तशी जेवली, सुमनही सत्तावीस वर्षं तशीच. मी जेवून हात धुतला की ती ताट वाढून घेणार. पण नवरा जेवतच नसेल तर बाईने कधी जेवायचं, याचा नियम कोणी केलेला नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मला नळीतून पाजून, मी डोळे मिटले की ती गोठ्यात यायची. भाजी करायची झाली तर शेजारणीच्या चुलीवर, आणि तिथेच चार घास. मी एकवीस किलो उतरलो ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. ती किती उतरली ते कोणी लिहिलं नव्हतं. त्या उन्हात मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"मॅडमले फोन लाव," मी म्हणालो. "ऑपरेशन करून टाकू."

"माझ्यासाठी नका करू जी." ती घाबरली. "तुमाले तिथी काई झालं त लोक म्हणतीन, पयले पाजलं, मग कापाले ढकललं."

तेव्हा पहिल्यांदा तिने ते माझ्यासमोर बोलून दाखवलं. आठ महिने ती हे ऐकत होती.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक पाहायला चौकात गाव जमलं होतं. माझा आवाज तेव्हाही फाटलेला होता, अजूनही आहे. तरी मी उभा राहिलो आणि सांगितलं की कॉस्टिक मी आणला, मी गडव्यात ओतला आणि मीच प्यालो, आणि दवाखान्यात जायला सांगणारी ही एकटी होती. लोक ऐकत होते. रामाजीभाऊ म्हणाले, "हे आम्हाले मालूम नव्हतं बाप्पा." मग ते सुमनसमोर गेले आणि म्हणाले, "बाई, मीठपाणी म्या पाजलं होतं. तेही मोज." सुमनने नुसता पदर सारखा केला. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर तिला बरं वाटेल. वाटलं असेलही. पण आठ महिने उशिरा बोललेल्याचं किती बरं वाटावं?

धान कापायच्या आधी आम्ही नागपूरला भरती झालो. सही सुमनने केली. मॅडमनी सगळे धोके पुन्हा वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि एकच विचारलं, "मॅडम, हे मग माणसासारखे जेवतीन का?"

"जेवतील," मॅडम म्हणाल्या. "फक्त हळू."

ऑपरेशनला सकाळी नेलं. साडेआठ तास लागले म्हणतात. मला त्यातलं काही माहीत नाही. सुमन बाहेरच्या फरशीवर बसून होती आणि त्या साडेआठ तासांबद्दल ती आजही काही सांगत नाही. जाग आली तेव्हा नाकात नळी, छातीत नळी, पोटात जुनी नळी, मानेला टाके. मला स्वतःची बांधी आठवली, चारी बाजूंनी पाट काढलेली.

सातव्या दिवशी मानेच्या जखमेतून पाणी झिरपायला लागलं. ती माझी थुंकी होती. वरचा जोड थोडा उघडला होता. मॅडम म्हणाल्या, याला लीक म्हणतात, मानेतला असला तर बहुतेक आपोआप भरतो, वाट पाहायची. वाट पाहणं हे या आजाराचं सगळ्यात जड औषध आहे. रोज सकाळी सिस्टर पट्टी सोडायची, सुमन वाकून बघायची आणि माझ्याकडे न बघता सांगायची, "कालच्याइतकीच हाय." पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "कोरडी हाय." मी म्हटलं, नीट पाय. तिने पट्टी नाकाजवळ नेली, गालाला लावून पाहिली. "कोरडी हाय जी."

मग पुन्हा एक्स-रे, पुन्हा ग्लास. मला सांगितलं, एक घोट. मी ओठ लावून एकच घेतला. तो घशात उतरला, हाडामागे कुठेतरी गुडगुडला आणि खाली गेला. कुठे अडला नाही. पडद्यावर बघणारी डॉक्टर म्हणाली, "गेला." मी अजून एक घोट मागितला, ती म्हणाली, आज पुरे.

आता वर्ष होत आलं. पोटावरची नळी निघाली. वजन बावन्न आहे. कॉस्टिक प्यालेल्या सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. कित्येकांचं नुसत्या ताणण्यावर भागतं, पण त्यासाठी वेळेवर यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवू नका. बरं वाटण्याचे ते दिवस सगळ्यात फसवे. ऑपरेशन झालं तरी सगळं पहिल्यासारखं होत नाही. थोडं थोडं सहा वेळा खावं लागतं, एक घास वीस वेळा चावावा लागतो, जेवल्यावर दोन तास आडवं होता येत नाही. घास छातीवरून उतरताना आवाज करतो, शेजारी बसलेल्याला ऐकू जातो. आतडं हा मुळात घाई न करणारा अवयव आहे. वर नेऊन जोडलं म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. आणि ज्याच्या घरी नळीवरचा पेशंट आहे त्याने एक करावं. पेशंटला पाजणारं माणूस कुठे, कधी आणि काय जेवतं, ते बघून यावं. मला कोणी हे सांगितलं नाही, कोणाच्या लक्षातच येत नाही.

घरी आल्यावर पहिल्या मऊ भाताच्या दिवशी सुमनने फोडणी दिली. तेल तापलं, मोहरी तडतडली आणि त्या वासाने मला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. तिने माझं ताट वाढलं आणि नेहमीसारखी चुलीपाशी थांबली, माझं होईपर्यंत.

मी पहिला घास चावायला घेतला. चावतोय, चावतोय. तो गिळला, छातीत गुडगुडला, उतरला. मग दुसरा. अर्धा तास झाला तेव्हा ताटातला एक कोपरा रिकामा झाला होता. सुमन उभीच. तिने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्या जबड्याकडे, एकदा दाराबाहेर उन्हाकडे. मग तिने फळीवरून दुसरं ताट काढलं, भात घेतला, वरण घेतलं, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि मोठा घास केला. सत्तावीस वर्षांत ती माझ्यासमोर, माझं होण्याआधी, जेवायला बसली नव्हती. मी बघत राहिलो. गळा हलला असेल माझा, पण आता तोंडात घास होता.

ती भरल्या तोंडाने म्हणाली, "तुमची वाट पायली त मी उपाशीच मरीन. आता मी पयले जेवत जाईन, तुमी या मागून, हळूहळू."